निरोप आपोआप गेला, पण पोचला कुणाकडे?

मुलुंडहून एका वाचकाने विचारलं आहे: "बाबा ६८ वर्षांचे आहेत. महिन्यातून दोनदा एकटेच गाडी चालवत चिपळूणला जातात. गाडी २०१७ची आहे. ॲक्सेसरीजच्या दुकानात साडेसहा हजारांचं एक यंत्र दाखवलं. गाडी ठोकली की आपोआप मेसेज जातो, लोकेशन जातं आणि ॲम्ब्युलन्स येते, असं दुकानदार म्हणतो. यावर विसंबून राहावं का? धाकटा भाऊ रोज बाइकवरून ठाण्याहून अंधेरीला जातो, त्याच्यासाठी असं काही आहे का?"

गाड्यांना ट्रॅकिंगची यंत्रं बसवणं आणि त्यांची कंट्रोल रूम चालवणं, हे काम मी १९ वर्षं करतो आहे. दुकानदाराच्या वाक्याचे तीन तुकडे करू. मेसेज जातो, हे खरं. लोकेशन जातं, हेही बहुतेक वेळा खरं. ॲम्ब्युलन्स येते, हे मात्र त्या डबीच्या हातात नाही. ॲम्ब्युलन्स माणसाने माणसाला सांगितल्यावर येते. म्हणून यंत्र विकत घेताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: मेसेज कुणाकडे जातो, आणि तो माणूस पुढे काय करतो?

हा प्रश्न मी फार महागात शिकलो. तेव्हा मी ज्या कंपनीत होतो तिथे भिवंडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाड्या आमच्याकडे होत्या. रात्री दोनच्या सुमारास त्याचा एक टेम्पो कशेडी घाटाच्या अलीकडे उलटला. यंत्राने काम चोख केलं होतं. अर्ध्या मिनिटाच्या आत मेसेज निघाला होता, लोकेशनही बरोबर होतं. पण तो गेला मालकाच्या मोबाइलवर, जो सायलेंटवर होता, आणि एका ईमेलवर, जो नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचा होता. आमच्या स्क्रीनवरही लाल ठिपका आला. रात्रपाळीला एकच मुलगा होता. त्या रात्री त्याच्यासमोर असे वीस-पंचवीस लाल ठिपके येऊन गेले होते आणि सगळे खड्ड्यांचे निघाले होते. त्याने हाही "पाहिला" म्हणून बंद केला. ड्रायव्हर पाऊण तास स्टिअरिंगखाली अडकून होता. शेवटी मासळीच्या गाडीवाल्याने थांबून त्याला बाहेर काढलं. जीव वाचला, पाय गेला. त्या मुलाला मी कधी दोष देऊ शकलो नाही. खोटे अलार्म थांबवणं आमचं काम होतं आणि आम्ही ते केलं नव्हतं.

म्हणून आधी खोट्या अलार्मविषयी सांगतो. कंपनीतून येणाऱ्या एअरबॅगवाल्या गाडीत धडक ओळखण्यासाठी वेगळा मेंदू असतो. सेन्सर आदळल्याचा जोर मोजतात, एअरबॅग उघडायची की नाही हे काही मिलिसेकंदांत ठरतं, आणि त्याच सिग्नलवरून पुढचा निरोप निघू शकतो. हा सिग्नल विश्वासाचा असतो, कारण एअरबॅग खड्ड्यात सहसा उघडत नाही. बाहेरून बसवलेल्या डबीला हा सिग्नल सहसा मिळत नाही. तिच्यात स्वतःचा छोटा सेन्सर असतो आणि त्याला लागलेल्या धक्क्यावरून ती अंदाज बांधते.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर सरासरी १४ जी एवढा जोर बसतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौदा पट. क्षणभर तो याहून बराच वर जातो. सायन-पनवेल रस्त्यावरच्या एखाद्या पावसाळी खड्ड्यातही डबीला जबरदस्त हिसका बसतो, विशेषतः ती डॅशबोर्डखाली नुसत्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवलेली असेल तर. फरक असा की खड्ड्याचा धक्का वरखाली असतो, काही मिलिसेकंदांत संपतो आणि गाडी त्याच वेगाने पुढे जाते. धडकेत वेग एकदम उतरतो आणि गाडी तिथेच राहते. चांगलं यंत्र या तिन्ही गोष्टी पाहतं: धक्का किती होता, वेग किती उतरला, आणि पुढच्या मिनिटभरात गाडी हलली का. स्वस्त यंत्र फक्त पहिली पाहतं. दुकानदाराला हे सरळ विचारा. उत्तर देता आलं नाही तर समजून जा.

कोकणात जाणाऱ्यांनी आणखी एक विचारावं. घाटात गाडी नेहमी समोरासमोर ठोकतेच असं नाही. ती कठड्यावरून सरकते, कलंडते, हळूहळू खाली जाते. अशा वेळी एकच मोठा धक्का बसत नाही. तेव्हा यंत्राला कलंडणंही ओळखता आलं पाहिजे. गाडी उलटी झाली की यंत्राचा अँटेना जमिनीकडे तोंड करतो, सॅटेलाइट दिसेनासे होतात, आणि दरीत मोबाइलची रेंजही जाते. म्हणून शेवटचं चांगलं लोकेशन साठवून ठेवणारं आणि रेंज मिळेपर्यंत मेसेज पुन्हा पुन्हा पाठवणारं यंत्र हवं. इंटरनेट मिळालं नाही तर साध्या एसएमएसवर उतरणारं असेल तर आणखी चांगलं. घाटात अनेकदा डेटा चालत नाही, पण एसएमएस निसटतो.

आतल्या बॅटरीचंही तसंच. गाडीची मुख्य बॅटरी बहुतेक वेळा बॉनेटखाली, पुढेच असते, म्हणजे समोरच्या धडकेत चेपण्याच्या जागी. वायर तुटली आणि डबीत स्वतःची बॅटरी नसेल, तर नेमक्या ज्या क्षणासाठी ती घेतली त्याच क्षणी ती मेलेली असते. ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो ते भोक) खुपसायची यंत्रं बसवायला सोपी, पण ती ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतात आणि हिसक्याने निघून येऊ शकतात. मी बसवतो तेव्हा डबी गाडीच्या पत्र्याला किंवा चॅनलला स्क्रूने घट्ट बांधतो. फिटरला वेळ लागतो, तो कुरकुरतो, पण मी ऐकत नाही.

आता मुख्य मुद्दा, निरोप पोचण्याचा. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या कारना ई-कॉल सक्तीचा आहे. एअरबॅग उघडली की गाडी स्वतः ११२ला फोन लावते. त्या कॉलमधूनच १४० बाइटांचं एक छोटं पाकीट जातं. त्यात वेळ, जागा, गाडी कुठल्या दिशेला जात होती, गाडीची ओळख आणि इंधनाचा प्रकार असतो. त्याच वेळी गाडीतला माईक उघडतो आणि पलीकडचा प्रशिक्षित माणूस विचारतो, "ऐकू येतंय का?" या व्यवस्थेचं खरं बळ सेन्सरमध्ये नाही. निरोप थेट सरकारी आपत्कालीन केंद्रात पडतो, मध्ये कुणी नाही, हे तिचं बळ आहे.

आपल्याकडे खाजगी कारला अशी सक्ती नाही. एआयएस-१४० नावाचं मानक आहे, पण ते बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांसाठी. १ जानेवारी २०१९ पासून नव्या नोंदणीच्या अशा गाड्यांत लोकेशन यंत्र आणि इमर्जन्सी बटण लागतं. रिक्षा आणि दुचाकी त्यातून वगळल्या आहेत. शिवाय ते बटण माणसाने दाबायचं असतं. बेशुद्ध माणूस बटण दाबत नाही.

नव्या महाग गाड्यांत ब्लूलिंक, किया कनेक्ट अशा सेवा मिळतात. एअरबॅग उघडली की त्यांच्या कॉल सेंटरला निरोप जातो. या सेवा चांगल्या आहेत, पण दोन गोष्टी पाहा. एक, सुरुवातीची काही वर्षं फुकट असतात, नंतर रिचार्ज करावा लागतो आणि कित्येकांना ती तारीख माहीतच नसते. दुसरी गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. ११२ हा नंबर फोन करणारा जिथे आहे त्या राज्याच्या केंद्रात लागतो. कंपनीचं कॉल सेंटर उत्तरेतल्या एखाद्या शहरात असेल आणि तिथल्या माणसाने साधा ११२ फिरवला, तर फोन त्या राज्यातच उचलला जाईल. कोकणातल्या अपघातासाठी त्याला महाराष्ट्राच्या केंद्राशी जोडणारी वेगळी वाट हवी. तुमच्या दुकानदाराच्या यंत्रामागे कॉल सेंटर असेल तर हे विचारा: ते कुठल्या राज्यात आहे, आणि महाराष्ट्रातला अपघात तुम्ही कुणाला कळवता? नसेल, म्हणजे मेसेज फक्त घरच्यांच्या फोनवर येणार असेल, तर कॉल सेंटर तुम्हीच आहात. मग त्या भूमिकेची तयारी करा. मुलुंडमध्ये बसून हे चांगलं जमू शकतं.

तुमची एक सोय आहे. महाराष्ट्रात ११२ एकाच राज्यव्यापी व्यवस्थेत चालतो. मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे, जोडीला नागपूर. म्हणजे मुलुंडहून तुम्ही महाडजवळच्या अपघातासाठी ११२ लावलात तर फोन योग्य राज्यातच जातो. पण समोरच्या माणसाला तुमचं लोकेशन मुलुंडचं दिसू शकतं. म्हणून तोंडातून पहिलं वाक्य हेच निघालं पाहिजे: "मी मुलुंडहून बोलतोय, अपघात रायगड जिल्ह्यात झालाय." त्यानंतर रस्ता, दिशा, जागा. नाव-गाव नंतर. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आहे, ही सेवा राज्यात २०१४ पासून चालू आहे. मुंबई-गोवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६६ असल्याने १०३३ हा महामार्गाचा नंबरही उपयोगी पडतो. घरात दोन माणसं असतील तर एकाने ११२ आणि दुसऱ्याने १०८ धरावा.

लोकेशनवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचा समज असतो की नकाशावर ठिपका दिसला म्हणजे जागा कळली. मोकळ्या आकाशाखाली जीपीएस पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर असतं. पण उंचीच्या बाबतीत ते फार कच्चं आहे. जे. जे. उड्डाणपूल घ्या. ठिपका मोहम्मद अली रोडवर पडला, तर अपघात पुलावर आहे की खाली, हे ठिपका सांगत नाही. खालच्या गर्दीत शिरलेल्या ॲम्ब्युलन्सला वर यायचं तर पुलाच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा चढावं लागतं. गाडी कार आहे की दुचाकी, एवढं जरी कळवलं तरी अर्धा प्रश्न सुटतो, कारण त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे. निरोपात वाहनाचा प्रकार असावा असं मी म्हणतो ते म्हणूनच.

दिशा त्याहून मोलाची. एक्स्प्रेसवेवर पुण्याकडे जाणारी लेन आणि मुंबईकडे येणारी लेन नकाशावर बोटभर अंतरावर दिसतात. मदतीची गाडी चुकीच्या बाजूला पोचली तर दुभाजक ओलांडता येत नाही, पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. घाटात हे अंतर बरंच होतं. अटल सेतूवर तर २१.८ किलोमीटरची सलग लांबी आहे, त्यातली बहुतेक समुद्रावर. म्हणून यंत्राने एकच ठिपका न पाठवता मागचे दोन-तीन ठिपकेही पाठवले पाहिजेत. त्यावरून गाडी कुठून कुठे चालली होती ते कळतं. युरोपच्या त्या १४० बाइटांत दिशेला जागा दिली आहे ती याचसाठी.

आणि बोगदे. तुमचे बाबा कशेडीच्या नव्या बोगद्यातून जात असतील. आत सॅटेलाइट नाहीत. आत काही झालं तर यंत्र बोगद्याच्या तोंडाशी मिळालेलं शेवटचं लोकेशन पाठवेल आणि तुम्ही समजाल की गाडी बाहेर उभी आहे. लोकेशन किती मिनिटांपूर्वीचं आहे हे यंत्राने दाखवलंच पाहिजे. कोस्टल रोडच्या दोन-दोन किलोमीटरच्या बोगद्यांतही हीच अडचण.

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर अक्षांश-रेखांश ऐकून निघत नाही. त्याला खूण लागते. "माणगाव सोडून महाडकडे जाताना, डाव्या बाजूला, किलोमीटरचा दगड अमुक" असं सांगितलं की तो निघतो. म्हणून नकाशाची लिंक आणि शब्दांतली जागा दोन्ही द्या. बाबांच्या वाटेवरच्या गावांची क्रमाने यादी आजच करा: पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण. ती भिंतीवर लावा. घाबरलेल्या अवस्थेत कोलाड आधी की माणगाव, हे आठवत नाही. माझ्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येक मार्गाची अशी पट्टी टेबलावर असते.

मग यंत्र घ्यावं का? दुकानदाराने वरच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली तर घ्या. पण त्याआधी घरात जे आहे ते वापरा. बाबांकडे आयफोन १४ किंवा त्यापुढचा फोन असेल, किंवा गुगलचा पिक्सेल असेल, तर त्यात कारची धडक ओळखण्याची सोय आहे. आयफोनचा सेन्सर २५६ जीपर्यंतचा धक्का मोजतो, शिवाय आवाज, वेगातला बदल आणि एअरबॅग उघडल्यावर केबिनमधल्या हवेच्या दाबात पडणारा फरकही पाहतो. फोन थोडा वेळ वाट बघतो, मालकाने उत्तर दिलं नाही तर आपत्कालीन नंबर लावतो आणि नेमून दिलेल्या माणसांना लोकेशन कळवतो. हा फोन अपघाताच्याच जागेवरून लागतो, म्हणून राज्याचा गोंधळ होत नाही. पिक्सेलमध्ये ही सोय आपण चालू करावी लागते. आयफोनमध्ये ती चालूच असते, पण आपत्कालीन संपर्क भरलेले आहेत का ते तपासा. दर दहात आठ फोनांत ती जागा रिकामी असते, असा माझा अनुभव आहे.

साधा अँड्रॉइड असेल तर निघताना व्हॉट्सॲपवर ८ तासांचं लाइव्ह लोकेशन द्यायला सांगा. ते धडक ओळखत नाही, पण ठिपका वीस मिनिटं एकाच जागी थांबला आणि तिथे ना चहाची टपरी ना पंप, तर तुम्हाला कळतं. फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट, चालू गोळ्या आणि दोन नंबर दिसतील असं करून ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती लिहाच, डॉक्टरला ते सगळ्यात आधी कळायला हवं.

तुमच्या फोनवर त्या यंत्राच्या नंबराला वेगळी रिंगटोन द्या, आणि "डू नॉट डिस्टर्ब" असतानाही ती वाजेल अशी सेटिंग करा. त्या टेम्पोच्या रात्रीनंतर मी प्रत्येक ग्राहकाच्या फोनवर हे स्वतः बसून करून देतो. अलर्ट आला की क्रम ठरलेला हवा. आधी बाबांना फोन. मिनिटभरात उचलला नाही की ११२. मग त्या वाटेवरचा ओळखीचा माणूस. महाडला किंवा खेडला कुणी नातेवाईक, गॅरेजवाला, नेहमीचा हॉटेलवाला असेल, तर त्याचा नंबर आजच घ्या. तो आधी पोचू शकतो.

कारण रस्त्यावर पहिली मदत जवळपास नेहमी अनोळखी माणसाची असते, आणि पुष्कळ लोक पोलिसांच्या कटकटीच्या भीतीने थांबत नाहीत. ही भीती आता धरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४ अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नियमांनुसार त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली: नेमलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. अपघाताजवळ थांबलेल्या माणसाशी फोनवर बोलताना हे त्याला सांगा. "दादा, तुम्हाला काही होणार नाही, तुम्ही फक्त थांबा" एवढ्याने माणूस थांबतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

भावाविषयी. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. आणि नेमकी त्यांच्यासाठीची ही साधनं सगळ्यात मागे आहेत. फोनमधली सोय कारच्या धडकेसाठी घडवलेली आहे. बाइकवर फोन खिशातून उडून वीस फुटांवर पडतो, किंवा घसरून पडल्यावर तिला हवा तसा धक्काच नोंदला जात नाही. हेल्मेटला किंवा बाइकला लावायचे सेन्सर मिळतात, पण स्टँडवरून बाइक पडली तरी ओरडणारे मी बरेच पाहिले. त्यातून घ्यायचाच असेल तर आडवं पडणं आणि त्याआधीचा वेग, दोन्ही पाहणारा घ्या, आणि रद्द करायला तीस सेकंद तरी देणारा. फोन हँडलच्या होल्डरमध्ये न ठेवता जॅकेटच्या चेनच्या खिशात ठेवायला सांगा, म्हणजे तो माणसाबरोबर राहील. हेल्मेटच्या मागे त्याचं नाव, रक्तगट आणि तुमचा नंबर असलेला स्टिकर लावा. घोडबंदरला किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर जो कुणी त्याच्याजवळ वाकेल, त्याला फोनचा लॉक उघडता येणार नाही, स्टिकर मात्र वाचता येईल.

यंत्र घेतलंत तर बसवल्यावर त्याच दिवशी चाचणी करा, आणि ती दुकानात नको. बाबांना वडखळच्या पुढे कुठेतरी थांबून टेस्टचं बटण दाबायला सांगा. तुम्ही मुलुंडला घड्याळ लावून बसा: मेसेज किती सेकंदांनी आला, ठिपका रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडला, दिशा दिसते का. सिमचा रिचार्ज कधी संपतो ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका, आणि हीच चाचणी दर गणपतीला आणि दर होळीला पुन्हा करा. एरवीही त्या दोन वेळा कोकणात जाणं होतंच.